गळ्याशी आलं की दोन कमी

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बसून वाच. तू ज्यांच्या कादंबऱ्या टाइप करायचीस, त्या इंग्रजीच्या सरांचे जुने कागद आमच्या हस्तलिखितांच्या संग्रहात आलेत. फाटू नयेत म्हणून मी त्यांना पातळ कागदाचं अस्तर लावतोय. काल व्याकरणाच्या टिपणांत सरांची अप्रकाशित कविता सापडली:

दोन सुलट, दोन उलट
एक तसाच उचला
टोकाला पोचलं की परत फिरा
गळ्याशी आलं की दोन कमी

अक्षर सरांचंच. त्यांच्या ‘ल’ची गाठ मी झोपेतही ओळखीन. आमच्या प्रमुख मॅडमना गहिवरून आलं. मृत्यू इतक्या कोरडेपणाने कुणी लिहिलेला नाही, म्हणाल्या. पंधराला संग्रहाची सूची छापायला जाते, आणि तीत शोधक म्हणून माझं नाव. दहावी नापास माणसाचं, ताई. आजवर ते फक्त हजेरीपटावर होतं.

लोभ आहेच, आता थोडा आदरही असावा.
तुझा धाकटा

६ मार्च

चि. पंडितास,
अ. उ. आ.

इतकी हसले की तुझे भावोजी पाणी घेऊन धावले. अरे, तो स्वेटर आहे. सुलट टाके, उलट टाके, आणि गळ्याशी दोन टाके कमी. टायपिंगमधून उसंत मिळाली की मी विणत बसायचे. सरांना पत्नीसाठी गुपचूप काही विणायचं होतं. मी सांगत गेले, ते उतरवून घेत गेले. स्वेटरची पाठ तेवढी विणून झाली आणि त्यांचा धीर सुटला. कुणाला सांगू नका म्हणाले, म्हणून तीस वर्षं गप्प होते. पण मृत्यू म्हणून छापू देऊ नकोस. सूचीतून तुझं नाव जाईल, त्याचं तुझ्याहून मला जास्त लागतंय.

माया आहे तशीच, फक्त हसू आवरत नाही.
ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. अक्षर तर मी बरोबर ओळखलं होतं ना. मग सुया-लोकर आणली, कारण पुराव्याशिवाय बोलणं माझ्या रक्तात नाही. टाके घालायला शेजारणीने दाखवलं, पुढे गुरू नाही, पुस्तक नाही. कवितेवरून वीतभर विणलं. वीण बसली. ते घेऊन मॅडमसमोर उभा राहिलो आणि म्हटलं, “मॅडम, ही कविता अंगात घालायची आहे.”

त्यांनी लोकर पाहिली, कागद पाहिला, आणि टेबलावर डोकं ठेवून अशा हसल्या की पहारेकरी आत आला. मृत्यूवरचा अकरा पानी लेख त्यांनी स्वतःच फाडला. चिकटवून देऊ का विचारलं, तर पुन्हा हसू. सरांच्या पत्नीला परवानगीसाठी फोन केला, तर कळलं की ती पाठ त्यांना तेव्हाच कपाटात सापडली होती, आणि पायपुसणं समजून त्यांनी ती झिजेपर्यंत वापरली.

सूचीत आता असं आहे: स्वेटरचा नमुना, अक्षर सरांचं, सांगणारी त्यांची टायपिस्ट, ओळखणारा तिचा भाऊ. दोघांचीही नावं, आणि तुझं आधी. मी हरकत घेतली. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही फक्त अक्षर ओळखलंत, स्वेटर तुमच्या ताईने ओळखला.” मग तुझं नाव मीच सुवाच्य अक्षरात आधी लिहिलं, हे कुणाला सांगू नकोस.

लोभ वाढव, टाके कमी करणं मला आता येतं.
तुझा धाकटा