चार नंबरचा आवाज

८ फेब्रु., रवि.
आज पुन्हा समोर डीनची मान. बोटीत सहा जण एकामागे एक. तो चार नंबरला, मी पाचला. सगळी सकाळ दुसरं काही दिसत नाही. लाल, जाड, त्यावर सनस्क्रीनचे ओघळ. प्रत्येक फटक्याला वाटतं, वल्हं पाण्यात कशाला, इथंच बसवावं.
पण एक नंबरला ला’अकेआ. म्हणून मी आहे. नाहीतर कोल्हापूरच्या माणसाचं समुद्रात काय काम? डिसेंबरात ब्रिस्बेनजवळ विनमच्या किनाऱ्यावर नुसता फिरत होतो, ती म्हणाली, बोट उचलायला एक माणूस कमी आहे, हात लाव. लावला. अजून काढला नाही.
बोट वर ओढल्यावर डीन : "गुड ऑन या, डेरी." धैर्यशीलचं डेरी. दूध, दही, ताक. सगळे हसले. ती नाही हसली. (की हसली थोडी?)

११ फेब्रु., बुध.
तिचं नाव आज बरोबर आलं, तिनंच शिकवलं. ला म्हणायचं, घशात दार आपटायचं, मग अकेआ. बाथरूममध्ये इतक्या वेळा आपटलं की रूममेट आदित्यनं बाहेरून विचारलं, उलटी होतीय का. इथं लिहिताना नुसतं ला. लिहीन. तोंडानं पूर्ण.
बाकीचे शब्द शिकवते तिची आई, आंटी पुआ. हवाईतल्या हिलोची. बोटीचं सुकाणू तिच्या हातात. आमच्या बोट क्लबात सगळे तिला आंटीच म्हणतात, तिच्यापेक्षा म्हातारे गोरेसुद्धा. मला पहिल्या दिवसापासून घरच्यासारखं वाटलं ते यामुळंच. बोट पाण्यात घालण्याआधी झाडाखाली शब्द म्हणून घेते. व’अ म्हणजे बोट. होए म्हणजे वल्हं. इमूआ, पुढं. हुली, उलटणं. ब्रिस्बेनवाले प्रत्येक स्वर ताणून वाळत घालतात, हूऽऽलै. आंटी कपाळावर हात मारते.
मी म्हटलं, हवा’ई. आपला साधा व. आंटी टाळ्या वाजवायला लागली. "ऐका रे, हा ऐका!"
च्यायला, याच व वरून कुकरी कॉलेजात सरानं मला वर्गापुढं उभं करून 'व्हाइट वाइन व्हिनेगर' म्हणायला लावलं होतं. पुन्हा. पुन्हा. सगळे लोळत होते. हातातला डाव फेकला. भिंतीला लागला, त्याला नाही, एवढंच दुःख. ते कॉलेज तेवढंच. आई फोनवर विचारते, आज काय शिकवलं रे? मी एक पदार्थ सांगतो.
ला. कडून कोल्हापूर म्हणवून घेतलं. "कोलाऽपूर." बदल्यात 'नाद खुळा' शिकवलं. परत येताना पुढून ओरडली, "नाऽद कूला!" बोट अशी सुटली म्हणता.

१५ फेब्रु., रवि.
आंटीचे नियम. बोट ओलांडायची नाही. बोटीत शिवी नाही. भांडण असेल तर किनाऱ्यावर मिटवायचं, तोवर बोट निघणार नाही, कारण पाण्याला कळतं.
मी म्हटलं, आमच्यातबी झोपलेल्या माणसाला ओलांडत नाहीत. चढताना बोटीला पाय लागला, हात आपोआप छातीशी गेला. आंटीनं पाहिलं. माझा गाल ओढला.

१९ फेब्रु., गुरु.
फॅक्टरीत दिवसभर कोंबडीच्या मांड्या सोडवल्या. हात गार पडतात, डोकं नाही.
येताना ट्रेनमध्ये तिघं. "से समथिंग इन करी, मेट." पहिल्याच्या नाकावर डोकं घातलं. बाकीचे दोघं पळाले. स्टेशनवर उतरलो तर शर्टावर रक्त, माझं नाही. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.
आदित्य : "पोलीस केस झाली की विमानात बसवतील तुला. कॉलेज सोडलंयस, व्हिसा त्याच्यावरच होता, विसरलास का?" मी म्हटलं, मार खाऊन घेणार न्हाई मी. "नाही म्हण, नाही. न्हाई काय?" पुण्याचा आहे. माझं नाक फुटलं असतं तरी त्यानं आधी शुद्धलेखन तपासलं असतं.

१ मार्च, रवि.
मारलं. डीनला.
आर्व्होला, म्हणजे दुपारी, क्लबात बार्बेक्यू. हा सॉसेज हातात घेऊन नकला करतोय. आधी आंटीची, मग माझी, मग दोन्हींची मिसळ. "अलोऽहा, टँक यू, कम अगेन." वर ला. चं नाव करतो लॅकी. कायम लॅकी. आणि ती हसली. त्याच्या नकलेला हसली.
मग काय झालं ते हाताला माहीत. त्याच्या ओठातून दात आरपार. वाळूवर रक्त. त्यानं उठून माझ्या बरगड्यांत दोन घातल्या, पडलो, वर बसला, लोकांनी ओढला.
ला. गेटपाशी : "माझ्या नावासाठी मारलंस?"
"हो."
"माझं नाव माझं आहे. त्याला जीभ वळवता येत नाही, मी चालवून घेते. तू कोण?"
मी शर्टाची वाळू झटकली.
"पुन्हा हात उचललास तर मी तुझ्याबरोबर बोटीत नाही. कुठंच नाही. कळलं?"
कळलं म्हटलं. श्वास घेताना बरगडी टोचत होती.
आंटी म्हणाली, दोघांना समोर बसवणार. पण तिची बहीण आजारी, उद्याच हिलोला निघाली. आल्यावर बसू, तोवर बोट नाही.

१५ मार्च, रवि.
हुली झाली. डीन जिवंत आहे. सगळे म्हणतात मी वाचवला.
आज नाही लिहवत.

१६ मार्च, सोम.
रेस जवळ आली म्हणून क्लबवाल्यांनी आंटीशिवायच बोट काढली, सुकाणूला बदली माणूस. ला. म्हणाली थांबा. कुणी थांबलं नाही. मीही नाही. मला तिच्या मागं बसायचं होतं. मध्ये डीनची मान, ओठाला टाके.
वारा आडवा आला. बाजूचा तरंगता लाकडी आमा वर उठला, आणि गेलो. उलटलं की प्रत्येकानं आपला नंबर ओरडायचा. वन. टू. थ्री.
चार आलाच नाही.
पंचगंगेच्या घाटावरून उड्या मारून वाढलोय, पाण्याला भीत नाही. बोटीखाली बुडी मारली. तिथं तो. आमा डोक्यात बसलेला, डोळे अर्धे. माझा हात त्याच्या मानेवर पडला. रोज बघतो त्याच मानेवर.
आधी खाली दाबलं.
लिहिलं एकदाचं. दाबलं. त्याचे पाय माझ्या पोटावर आपटत होते. एक क्षण असेल, जास्त असेल. मग समोर हिरव्या पाण्यात ला. चं तोंड, केस सुटलेले, डोळे उघडे. मग मी वर खेचला, किनाऱ्यापर्यंत ओढत नेला, छाती दाबली, पाणी काढलं.
खेचायला लागलो आणि मग ती दिसली? की ती दिसली म्हणून

२० मार्च, शुक्र.
क्लबात पाठीवर थापा. बिअर. आदित्यनं माझ्या घरी फोन करून सांगितलं, आई रडली, बाबा म्हणाले, नाव काढलंस मर्दा. ला. फोन उचलत नाही.

२५ मार्च, बुध.
फॅक्टरीच्या गेटवर उभी होती. मी तोंड उघडलं तर म्हणाली, "मला सांगू नकोस. आई आलीय हिलोहून. रविवारी सगळे बसणार. तिथं सांग. काय सांगतोस ते मी ऐकेन."
"आणि मग?"
"मग मला कळेल, मी कुणाला नाव शिकवलं."
आदित्यला सगळं सांगितलं. तो ओरडला, "वेडा आहेस का? वाचवलास, विषय संपला! खरं बोलायला गेलास तर पोलीस, विमान, कोल्हापूर." खरं बोललो तरी ती राहील कशावरून? खोटं बोललो तर गेलीच. तिनं पाहिलंय.
अशा बसण्याला त्यांच्यात शब्द आहे, हो’ओपोनोपोनो. बिघडलेलं सरळ करणं. सकाळपासून म्हणतोय. अजिबात चुकत नाही.

२९ मार्च, रवि.
झाडाखाली गोल. मध्ये काही नाही, नुसती वाळू. आंटीनं प्रार्थना म्हटली. मग म्हणाली, एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.
डीन आधी उठला. हातात टोपी. टाके काढलेत, ओठ अजून वाकडा.
"दैऽर... र्य... शील."
थांबला. पुन्हा म्हणाला. धचा द झाला होता, मध्ये अडखळला, पण पूर्ण म्हणाला. ला. कडून शिकून घेतलं म्हणे, आठवडाभर गाडीत घोकत होता. म्हणाला, मी याला कधी नावानं हाक मारली नाही. मी वाईट वागलो. यानं मला बाहेर काढलं. थँक्स, मेट.
डोळ्यांत पाणी होतं साल्याच्या. त्यानं मला एक ठोसा मारला असता तर बरं झालं असतं.
माझी पाळी. वाळूच उकरत बसलो. आंटी म्हणाली, ज्याला जमत नाही त्यानं पाण्यापाशी जाऊन यावं, आम्ही थांबतो.
म्हणून इथं खडकावर. वही पिशवीतच होती. सगळे खरंच थांबलेत. बोट पालथी पडलीय, ला. तिच्यावर हात ठेवून उभी, इकडं बघत नाही. डीन टोपी पिळतोय.
आंटीनं हाक मारली. हुली झाल्यावर मारतात तशी.
"नंबर फाइव्ह?"
उठतो.