वरच्या खोलीतला खोकला

३ नोव्हेंबर, सोमवार
नळाला आजही पाणी नाही. आठवडा झाला! भांडी विसळलेलं पाणी बादलीत धरून गच्चीवर नेलं. अडुळसा, पानओवा, गवती चहा – सगळ्यांना थोडं थोडं. कोरफडीला नाही दिलं. तिला नाही लागत.

वर राजनंदिनी कपडे वाळत घालत होती. आमची वरच्या खोलीतली भाडेकरू. नवरा पुण्याला कामाला, ही इथं चिकलठाण्याला पॅकिंगमधे. एकटीच असते पोर. दिवाळी करून वेरूळहून, माहेराहून आली तेव्हापासून खोकते आहे. म्हटलं, औषध घेतलंस का? तर म्हणाली, "मेडिकलवाल्यानं बाटली दिली काकू. नुसती झोप येती. मशीनवर डुलक्या येऊ लागल्या."

अडुळशाची पिकून पिवळी झालेली पानं तोडली. आलं, मिरी, ज्येष्ठमध, गूळ. काढा चांगला आटवला. कडू झाला म्हणून तोंड वाकडं केलं, पण प्यायली.

६ नोव्हेंबर, गुरुवार
राजनंदिनीचा खोकला निम्म्यावर आला. छान!

शेजारच्या गीताबाई नातीला घेऊन आल्या. नाक गळत होतं. पानओव्याची पानं तव्यावर गरम करून रस काढला, मधातून चाटवला. गीताबाई म्हणे, "दीपमाला, तू आता दवाखानाच टाक!" मी हसले. पण बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

९ नोव्हेंबर, रविवार
ह्यांचा हात गाडीच्या सायलेन्सरला लागला. वाळूजवरून येताना चेन उतरली होती, ती बसवत होते. थंड पाण्याखाली धरला, मग कोरफडीचा गर लावला. "आण तुझा पाला," म्हणाले. लावून घेतला मुकाट्यानं. लावल्यावर म्हणाले, "थंड वाटतंय."

दिवाळीतला ब्लाउज ढगळ झाला आहे. गीताबाईंनी विचारलं, काय खातेस ग? म्हटलं, गुळवेल. मागच्या कडुलिंबावर चढलेली आहे ना, तिची कांडी रोज सकाळी उकळून. त्यांनीही मागून नेली. मला संध्याकाळी जरा कणकण येते, घसा खवखवतो. हवा पालटली की होतंच. गुळवेल दोन वेळा सुरू केली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
खोकला परत आला. छतातून ऐकू येतो. सुरू झाला की थांबतच नाही. मी काढा घेऊन गेले तर म्हणाली, "पिल्यावर बरं वाटतं काकू. मंग पुन्हा तेच."

मला आई आठवली. करमाडला अर्धं गाव तिच्याकडं पाल्यासाठी यायचं. पण तिच्या काढ्यानं उतार पडला नाही तर तीच माणसाला सरकारी दवाखान्यात धाडायची. एकदा तर बैलगाडीत स्वतः बसून घेऊन गेली होती. मी मात्र दहा-बारा दिवस नुसतं ढवळत बसले आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
राजनंदिनीला म्हटलं, एकदा बेडका तपासून घे. चेहराच उतरला तिचा.

"अन् काय निघालं तर? काका ठेवतील का मला?"

"न ठेवायला काय झालं!" मी म्हणाले.

जेवताना ह्यांच्यापाशी विषय काढला. हातातला घास तसाच राहिला. "टीबी असंल तर खोली खाली करायला सांग. एक तारखेला." मी म्हटलं, अजून काही निघालेलं नाही. आणि निघालं तरी औषधं आहेत, बरं होतं माणूस. "होऊ दे ना बरी. तिच्या माहेरी होऊ दे. पोरगी चांगली आहे, मी नाय म्हणत नाही. पण एकच जिना आहे, एकच नळ आहे." वाईट माणूस नाहीत हे. घाबरलेत. पण घाबरलेलं माणूस दगडासारखं होतं, त्याच्याशी बोलावं कसं?

मी ताट सारलं. तसं जेवण मला बरेच दिवस नकोच वाटतं आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
वरून आवाज येणं बंद झालं. ह्यांना वाटलं बरी झाली. "बघ, उगंच घाई करत होतीस," म्हणाले.

दुपारी मी कपडे काढायला गच्चीवर गेले. तिची खिडकी उघडी होती. पोर उशी तोंडावर दाबून खोकत होती! आमच्यापर्यंत आवाज जाऊ नये म्हणून. डोळे बाहेर आले होते. मी हाक मारली नाही. कपडे तसेच ठेवून खाली आले.

आज काही गोड लागलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
गेले वर. काढा नेला नाही. रिकाम्या हातानंच गेले.

"उद्या सुट्टी टाक. सरकारी दवाखान्यात मी येते सोबत."

रडायला लागली. म्हणे, तिथं ओळखीचं कुणी भेटलं तर, कंपनीत कळलं तर, सासरी कळलं तर. मी बसून राहिले. बोलून बोलून दमली, मग एकदम म्हणाली, "तुमी पण देताल का बेडका? दोघींनी दिला तर मला काय वाटणार नाय."

"देते की! त्यात काय."

हसली जराशी. ठरलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
ह्यांची फर्स्ट शिफ्ट. हे गेल्यावर निघालो. रिक्षावाला दोन सीट अजून भरल्याशिवाय हलेना – "बैठो खाला, अभी निकलते." मुकुंदवाडीपासून तेवढ्यासाठी अर्धा तास!

डॉक्टर तरुण बाई होत्या. मी अडुळशाचं सांगितलं तेव्हा वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "साध्या खोकल्याला द्या ना. माझी आईपण देते. पण दोन आठवड्यांच्या वर गेला की इकडं आणायचं." राजनंदिनीची छाती बराच वेळ तपासली. कामावर काय करतेस, पुठ्ठा कापतेस का, धूळ उडते का – सगळं विचारलं. एक्स-रे काढायला सांगितला.

मग माझ्याकडं वळल्या. मी म्हटलं, मला काही नाही हो, मी हिच्या सोबतीला म्हणून देतेय. तरी काट्यावर उभं केलं. ताप येतो का विचारलं. म्हटलं, संध्याकाळी जरा कणकण. त्या लिहीत राहिल्या. माझाही एक्स-रे काढला.

एक-एक डबी दिली. तिथंच मागच्या अंगणात जाऊन बेडका द्यायचा होता. मला काही येईना. थुंकीच यायची नुसती. राजनंदिनी म्हणाली, "काकू, पोटातून खोका, पोटातून!" आणि स्वतःच हसायला लागली. मला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच खोकला आला. भरली डबी! दुसरी घरी न्यायला दिली आहे, उद्या सकाळची भरून आणून द्यायची.

येताना तिनं रसवंतीवर रस पाजला. किती दिवसांनी हसताना बघितलं तिला.

२३ नोव्हेंबर, रविवार
ह्यांना सांगून टाकलं – तपासायला दिलं आहे म्हणून. मी पण दिला हे नाही सांगितलं. त्यात सांगण्यासारखं काय?

"मंग रिपोर्ट आला की बघू. पण एक तारीख म्हणजे एक तारीख."

मी म्हटलं, "तिला काढायचं असेल तर तुम्ही सांगा. माझ्या तोंडून निघणार नाही."

हे उठून गच्चीवर गेले. खाली आले ते म्हणाले, "अडुळसा सुकला आहे. पाणी घातलं मी." दोन दिवस मी वर गेलेच नव्हते. पायऱ्या चढताना धाप लागते आता.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
रिपोर्ट आले. राजनंदिनीचा एकदम स्वच्छ. पुठ्ठ्याच्या धुळीनं दमा उठला आहे, पंप दिला.

माझ्यात टीबी निघाला.

डॉक्टरबाई सावकाश सांगत होत्या. सहा महिने गोळ्या. एकही चुकवायची नाही. ह्यांनाही तपासायला आणायचं. मी मान हलवत होते, पण काही ऐकू येत नव्हतं. घरी हे यायची वेळ होत आली होती, तेवढंच डोक्यात.

राजनंदिनी बाकड्यावर माझ्या शेजारीच होती. सिस्टरनं दिलेला मास्क तिनंच माझ्या कानांमागं अडकवला. पिशवीत गोळ्या नीट ठेवल्या. माझा हात धरला.

"चला काकू. काकांना मी सांगते."