वळणावरची बाटली

१२ जानेवारी

प्रिय भोवऱ्या,

अनेक आशीर्वाद. तू, तुझी बायको, पोरं सगळी बरी असाल. इकडे आम्ही दोघं ठीक.

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. फोनवर काहीही विचारलं की तू "बघतो" म्हणतोस आणि मग बघत नाहीस. पत्राला "बघतो" म्हणायचं तर आधी पेन शोधावं लागेल, तेवढ्या वेळात तरी विचार करशील.

आधी बातम्या. लॅबमध्ये काम उदंड आहे. लोकांचे दात पडायचे थांबत नाहीत तोवर माझ्या पोटाची चिंता नाही. बाबांची नवी कवळी मीच केली, वरची आणि खालची, इतकी नीट बसली की आता शेंगदाणे मागतात. बाकी ती तुला ठाऊक असलेली गोष्ट, विसरण्याची, ती आहे तशीच. कधी कमी, कधी जास्त. शर्टाची बटणं लावायला मावशी मदत करते. मावशी म्हणजे दिवसा त्यांना सांभाळायला येते ती. चांगली आहे, फक्त बोलते फार.

आणि माझी सायकल. तू ती पाहिलेलीच नाहीस! हँडलच्या पुढे दोन दांडे, कोपरं टेकायला गाद्या, आणि त्यावर माणूस असा ओणवा होतो की रस्त्यावर पडलेली सुई शोधतोय असं वाटावं. वारा अंगावरून निसटून जावा म्हणून हा सगळा खटाटोप. हेल्मेटही तसलंच, कान झाकणारं, पुढे कपाळापासून नाकापर्यंत काळी काच. पहिल्यांदा घालून आरशात पाहिलं तर मीच मला ओळखलं नाही.

एप्रिलच्या शेवटी शर्यत आहे, परदेशात. उजाडताना समुद्रात पोहायचं, मग जवळजवळ दिवसभर सायकल, आणि ती ठेवून पूर्ण मॅरेथॉन पळायची. सगळं एकाच दिवशी. माझ्या वयाच्या बायका गुडघ्यांना तेल लावतात. मीही लावते, पण पळून आल्यावर. तुझी जुनी सायकल मी पहिल्यांदा भिंतीवरून काढली तेव्हा लोक हसले होते. आता हसत नाहीत, नुसतं "कशाला?" विचारतात. याचं उत्तर मलाही नीट देता येत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात काय बसतं हे बघणाऱ्या बाईला कुठेतरी स्वतःचं काही असावंसं वाटतं, एवढंच.

एक गोष्ट ऐकून तुला नवल वाटेल. बाबा रोज सकाळी बंद पेट्रोल पंपाच्या वळणावर येऊन उभे राहतात. माझी फेरी तिथून जाते ना, म्हणून. मावशी त्यांना सहज फिरायला घेऊन गेली होती, मी समोरून गेले आणि ते जागच्या जागी थांबले म्हणे. दुसऱ्या दिवशी लिंबू, मीठ, साखर घालून बाटली स्वतः भरली, खळखळ हलवली आणि निघाले. बटणं लावता येत नाहीत, पण बाटली कशी धरायची ते हातांना पक्कं आठवतं. मानेला दोन बोटांनी, सैल, म्हणजे वेगात येणाऱ्याला झटक्यात ओढून घेता यावी. चार पावलं बरोबर पळतात, बाटली देतात, मागून काहीतरी ओरडतात. माझे कान झाकलेले, वर वाऱ्याचा घोंघाट, त्यामुळे ऐकू येत नाही. हात वर केलेला दिसतो.

तुझ्यासाठी करायचे तसंच. अगदी तसंच.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मी शर्यतीला जाईन तेव्हा इथे येऊन राहा. मावशी दिवसा असते, पण घरात आपलं माणूस हवं. थोडेच दिवस. बघतो म्हणू नकोस.

तुझी
ताई

---

२२ फेब्रुवारी

प्रिय भोवऱ्या,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. चार ओळी का होईना, लिहिल्यास. पेन सापडलं म्हणायचं.

तू लिहितोस, "पुन्हा तोंड दाखवू नकोस असं तेच म्हणाले होते. आणि आता ते तुझ्यासाठी वळणावर उभे राहतात, तुमचं छान चाललंय, मधे मी कशाला?"

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. निवड शर्यतीच्या सकाळी तू सायकल दाराला टेकवलीस, "तुमची शर्यत तुम्हीच पळा" म्हणालास आणि गेलास. मग ते काय बोलले ते मीही ऐकलं, मी स्वयंपाकघरातच होते. पण भोवऱ्या, ते भांडण बाबांच्या डोक्यातून केव्हाच पुसून गेलंय. जगात ते फक्त तुझ्या आणि माझ्याकडे उरलंय. एवढी वर्षं तू ज्यांच्यावर रुसला आहेस, त्यांना आपण कशावरून भांडलो हेच माहीत नाही. आता रुसवा काढायचा तो कुणावर?

दुसऱ्या भागाचं उत्तर लिहायचं नव्हतं. पहिल्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नाही, पण लिहिलं ते अर्धंच.

बाबा माझ्यासाठी उभे राहत नाहीत.

तुझी सायकल मी चालवायला लागले तेव्हा ते अंगणात बसलेले असायचे. मी निघाले की उठून आत जायचे. माझ्या एकाही शर्यतीला आले नाहीत. घरी पदक आणलं तर "ठेव तिकडे" म्हणायचे. मी मनाला लावून घेतलं नाही, म्हणजे लावून घेतलं, पण त्यावर सायकल चालवत राहिले. म्हणून ते वळणावर उभे राहायला लागले ना, तेव्हा मी हेल्मेटच्या आत ढसाढसा रडले होते. वाटलं, उशिरा का होईना, माझी पाळी आली. लॅबमध्ये सगळ्यांना सांगत सुटले, माझे वडील मला बाटली द्यायला येतात. पोरींनी पेढेच मागायचे बाकी ठेवले होते.

मग तुला पहिलं पत्र लिहिण्याच्या आठवडाभर आधी एकदा कडाक्याची थंडी पडली. श्वासाने काच धुरकट झाली, समोरचं दिसेना. मी ती काढून खिशात टाकली. लोहचुंबकाने चिकटलेली असते, सहज निघते. वळण आलं. बाबांनी लांबूनच बाटली पुढे धरली होती. मी जवळ आले, त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि बाटली मागे घेऊन छातीशी धरली.

मी ब्रेक दाबला. म्हटलं, "बाबा, द्या ना."

"तुम्ही त्या दातवाल्या बाई ना?" ते म्हणाले. "ही माझ्या मुलाची आहे हो. मागून येतोय तो. तुम्हाला दिसला का कुठे?"

मी हात पुढे करून तशीच उभी राहिले, तर त्यांनाच वाईट वाटलं. "तहान लागली असेल तर घरी या, पाणी देतो. जवळच आहे घर. पण ही नको."

मावशी खाली मान घालून उभी होती. एरवी तोंडाला विश्रांती नसलेली बाई, आणि हीच एक गोष्ट तिने मला सांगितली नव्हती. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मी म्हटलं, "येतोय तो. जवळच आहे." पुढे गेले, पंपाच्या भिंतीआड उभी राहिले, बाहीने काच पुसली, लावली, आणि फेरी मारून पुन्हा आले. बाबा चार पावलं पळाले. बाटली दिली. मी मुद्दाम हळू जात होते, म्हणून त्या दिवशी ऐकू आलं. "मान खाली, भोवऱ्या! शाब्बास!"

संध्याकाळी त्यांची कवळी घासत होते तर जवळ येऊन बसले. डोळे चमकत होते. म्हणाले, "आज माझ्या मुलाने काय सुंदर चालवली म्हणून सांगू! तुम्ही असायला हवं होतं, बाई." मी कवळी घासतच राहिले. त्यांच्या तोंडात माझ्या हातचे दात आहेत, आणि त्याच तोंडाने मला विचारतात, तुम्ही कुणाच्या?

मला राग आला. त्यांचा नाही, तुझा. तू सगळं टाकून गेलास आणि तरी तुझंच राहिलं. मी उचललं आणि तरी माझं झालं नाही. दोन दिवस मी त्या रस्त्याने गेलेच नाही, दुसरीकडून गेले. तिसऱ्या दिवशी मावशीने सांगितलं की ते ऊन डोक्यावर येईपर्यंत तिथून हलत नाहीत. हाताला धरून ओढलं की रडतात. "कुठेतरी पडला असेल तो, कुणीतरी बघा" म्हणतात.

तेव्हापासून रोज काच लावून जाते. तुझी होऊन जाते, बाटली घेते, त्यांच्या देखत पिते, कारण प्यायली की नाही ते वळून बघतात. बरं चाललंय. मानही खाली ठेवते.

तर हे असं आहे. मी परदेशी गेले तर ते वळणावर उभे राहतील आणि कुणीच येणार नाही. त्यांना समजावून सांगता येणार नाही. तू आलास तर मी जाईन. नाही आलास तर नाही जाणार, सायकल पुन्हा भिंतीवर टांगेन. हा धाक नाही रे, मला खरंच दुसरं काही सुचत नाही.

तुझी
ताई

---

१९ एप्रिल

प्रिय भोवऱ्या,

अनेक आशीर्वाद. तुझा निरोप आला. "येतो" एवढंच, पण "बघतो" नव्हतं. मी तो मावशीलाही दाखवला.

तू पोचशील तेव्हा मी विमानात असेन, म्हणून हे पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवते आहे. माझी सायकल खोक्यात गेली. चाकं काढली, पेडल काढले, हँडल वळवून दांड्याला बांधलं. बाबा दारात उभं राहून बघत होते. "कुणाची आहे?" विचारलं. मी म्हटलं, "माझी." म्हणाले, "जपून न्या हो." तेवढाच मला मिळालेला आशीर्वाद, तो घेऊन निघते.

आता नीट वाच.

कवळी वाटीत पाणी घालून ठेवायची, गरम पाणी नाही. सकाळी आधी चूळ, मग कवळी, मग चहा. ते सांगतील की चहा आधी, ऐकू नकोस. बाटली त्यांना स्वतःला भरू दे, साखर जास्त पडली तरी टोकू नकोस.

तुझी जुनी सायकल पुसून, हवा भरून अंगणात ठेवली आहे. सीट तुझ्या उंचीला वर केली आहे. ती कुठवर होती त्याची खूण अजून दांड्यावर होती, मी कधीच खोडली नव्हती.

काळ्या काचेचं हेल्मेट खुंटीवर आहे. पण पहिल्या दिवशी त्याची काच काढून खिशात ठेव. उघड्या तोंडाने जा. तुझे केस पिकलेत, पोट सुटलंय, दाढीही असेल, तरी जा. त्यांना एकदा तुझा चेहरा बघू दे. कदाचित ओळखतील.

ओळखलं तर मला लगेच कळवू नकोस. शर्यत झाल्यावर सांग. मी आनंदानेच ऐकेन, पण त्याआधी नको. एवढं माझ्यासाठी कर.

आणि नाही ओळखलं, बाटली मागे घेतली, तर रडत उभा राहू नकोस. ते तुला घरी पाणी प्यायला बोलावतील. "येतोय तो, जवळच आहे" म्हण आणि पुढे जा. पंपाच्या भिंतीआड थांब, काच लाव, परत ये. ते नक्की देतील. तेव्हा तुला कळेल, मी रोज काय पीत होते.

मी साधं हेल्मेट नेते आहे, कान उघडे असलेलं. कोच फार चिडला. वारा अडेल, वेळ वाया जाईल, एवढी मेहनत मातीत घालतेस, म्हणाला. मी त्याला खरं कारण सांगितलं नाही, तुला सांगते. तिथे बाहेरच्या माणसाकडून पाण्याचा घोटही घ्यायचा नाही असा नियम आहे, घेतला की बाद. रस्त्यात ठरलेल्या जागी त्यांचीच माणसं बाटल्या धरून उभी असतात. सगळी अनोळखी. ज्याच्या हेल्मेटवर नाव लिहिलेलं दिसेल त्याला ती माणसं नावाने हाक मारतात म्हणे, जोरात, ओळख असल्यासारखी. लॅबमधल्या पोरींनी माझ्या हेल्मेटवर पुढे मोठ्या अक्षरात माझं नाव चिकटवून दिलंय. ताई नाही, बाई नाही, माझं स्वतःचं नाव. घरात ते कुणी उच्चारून किती काळ लोटला, आठवतही नाही.

मला कितवा नंबर येतो याच्याशी काही देणंघेणं राहिलेलं नाही. एका तरी वळणावर कुणीतरी माझा चेहरा बघून, माझं नाव घेऊन मला पाणी द्यावं. आणि ते मला ऐकू यावं.

बाबांना सांभाळ. दातवाल्या बाई कुठे गेल्या असं त्यांनी विचारलं तर सांग, मागून येतायत. जवळच आहेत.

तुझी,
आणि त्यांना ठाऊक नसली तरी त्यांचीच,
ताई