पिवळ्या झेंड्याखालची फेरी

अण्णा,

तुमच्या नावाने एक ढाल द्यायचं ठरलं आहे. मोटार क्लबची हल्लीची सेक्रेटरी, तिशीतली चुणचुणीत मुलगी, परवा घरी येऊन सांगून गेली. नियम पाळून, कुणाची तक्रार न येता जो शर्यत पुरी करेल त्याला दरवर्षी तुमची ढाल मिळणार. मी चहा केला, तिने तो घेतला आणि मग म्हणाली, मॅडम, त्या दिवशी तुम्ही दोन शब्द बोला, साहेबांनी स्वतःच्या मुलीला बाद केलं होतं तो किस्सा सांगा, अजून सगळे तो सांगतात. तिला काय बोलणार? ती तेव्हा जन्मलीही नव्हती. पण ‘किस्सा’ हा शब्द ऐकला आणि माझं डोकं तापलं. माझं जे मोडलं, ते तुमच्या नावावरचा दागिना होऊन इतकी वर्षं गावात मिरवतंय. मी बघते म्हणाले, तिला दारापर्यंत सोडलं, आणि तेव्हापासून तुमच्याशी मनातल्या मनात भांडते आहे. म्हणून लिहायला बसले.

तो नियम तुम्ही का केलात ते मला ठाऊक आहे, हे आधी सांगते, म्हणजे मला काही कळत नाही असं तुम्हाला म्हणता येणार नाही. मी शाळेत होते. म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडला लागून जो माळ होता, तिथे मुरूम टाकून क्लबाने दुचाकींच्या शर्यतीचा रस्ता केला होता. एका वळणावर एक जण पडला. झेंडेवाला पिवळा झेंडा हलवत होता, तरी मागचे दोघे तिसऱ्याला ओलांडण्याच्या नादात तसेच आले आणि पडलेल्याच्या पायावरून एकाचं चाक गेलं. तुम्ही त्याला उचलून सिव्हिल हॉस्पिटलात नेलंत. घरी आलात तेव्हा तुमच्या शर्टावर रक्त होतं आणि तुम्ही जेवला नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात ओट्याजवळ बसून तुम्ही आईच्या वाट्या मांडल्यात. पुढे तांब्या, मागे ओळीने वाट्या. तांब्या म्हणजे क्लबाची जीप. कुणी पडलं की सगळीकडे पिवळा झेंडा, जीप रस्त्यावर येणार, सगळे तिच्यामागे हळू चालणार, आणि हिरवा झेंडा पडेपर्यंत कुणी कुणाला ओलांडायचं नाही. आई भाकरी थापता थापता म्हणाली, अहो, आमटी वाढायची हाय, वाट्या द्या. तुम्ही हसलात आणि मला म्हणालात, लक्षात ठेव, ओव्हरटेक करायला अख्खा रस्ता आहे, माणूस पडलेला असताना नाही. मला तो नियम तेव्हाही पटला होता, आजही पटतो. माझं भांडण नियमाशी नाही.

भांडण तुमच्याशी आहे. क्लबात तेव्हा डॉक्टर होते, गाड्यांचे डीलर होते, दिंडोरीकडचे बागायतदार होते. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तपासनीस असलेले, बौद्ध कॉलनीतून सायकलवर येणारे तुम्ही एकटेच. ते तुम्हाला साहेब म्हणायचे, कारण तुमच्याइतकं किचकट काम दुसरा कुणी अंगावर घेत नव्हता. बक्षीस समारंभानंतरच्या जेवणांना मात्र तुम्हाला बोलावणं यायचंच असं नाही. घरी तुम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचात: आपल्याकडे बोट दाखवायला लोकांना कारण लागत नाही, म्हणून आपण ते कधी द्यायचं नाही. मी लहानपणापासून हे वाक्य ऐकत वाढले. त्याची किंमत कुणाच्या खिशातून जाणार, हे मात्र कधी विचारलं नाही.

गाडी तुम्हीच शिकवलीत. रविवारी सकाळी कॉलनीमागच्या कच्च्या रस्त्यावर तुम्ही मोपेडमागे धावत यायचात, आणि कॉलनीतल्या बाया दारात उभ्या राहून बघायच्या. एकदा मी वळणावर ट्रॅक्टरला ओलांडलं तेव्हा तुम्ही मला खाली उतरवून घरापर्यंत गाडी ढकलत न्यायला लावलंत, स्वतः शेजारून चालत राहिलात. बारावी झाले तेव्हा चामड्याचे हातमोजे आणून दिलेत. ते पुरुषांच्या मापाचे होते. आईने बोटांची टोकं आत घेऊन शिवली. क्लबाने बायकांसाठी वेगळी शर्यत ठेवली होती, तीन-चार जणी आणि भरपूर टाळ्या. मी म्हणाले, मला मोठ्या शर्यतीत चालवायचंय. तुम्ही कमिटीपुढे उभं राहून सांगितलंत की नियमात पुरुष असा शब्द कुठेही नाही. तो दिवस मी विसरलेले नाही. म्हणून पुढचं जास्त लागलं.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. थंडीचे दिवस, माळावर पाण्याचा टँकर फिरवून धूळ बसवलेली. पुण्याहून एका संघाचा व्यवस्थापक आला होता. मोपेडच्या वर्गात जो पहिला येईल त्याला तो पुण्याच्या आणि पुढे दक्षिणेतल्या मोठ्या शर्यतीत गाडी देणार होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही मुख्य पंच. मी पहिल्यापासून पुढे होते. शर्यत संपत आली असताना मागच्या वळणावर एक जण घसरून पडला. पिवळे झेंडे निघाले, जीप रस्त्यावर आली. ती पहिल्या गाडीच्या, म्हणजे माझ्या, समोर यायला हवी होती, पण मध्ये एक मागे पडलेला गडी होता. अख्खी फेरी मागे, आणि त्याची गाडी आचके देत होती. त्याच्यात आणि जीपमध्ये अंतर वाढत चाललं. जीपच्या मागच्या बाजूला क्लबाचा जुना मेंबर बसला होता, तो माझ्याकडे बघून हात हलवायला लागला: त्याला टाकून पुढे ये, जीपच्या मागे लाग. एकदा नाही, तीनदा. मी डावीकडे पाहिलं, कुणी पडलेलं नाही, रस्ता मोकळा. मी त्या आचके देणाऱ्या गाडीला सावकाश ओलांडलं आणि जीपमागे गेले. माझ्या मागचा दुसऱ्या नंबरचा मुलगा मात्र त्या आचके देणाऱ्या गाडीमागेच राहिला. हिरवा झेंडा पडला तेव्हा तो अडकलेला आणि मी मोकळी. मी जिंकले.

त्याने तक्रार केली. त्याच्या जागी मी असते तर मीही केली असती, त्याच्यावर माझा राग कधीच नव्हता. तंबूत टेबलाभोवती सगळे जमले. जीपमधला मेंबर आला आणि स्पष्ट म्हणाला, साहेब, हात मी केला, पोरीची चूक नाही. कमिटीतला एक डॉक्टर म्हणाला, वेळेची शिक्षा द्या, दुसरा नंबर द्या, मिटवून टाका. तुमच्याच नियमात लिहिलं होतं की पंच वेळेची शिक्षा देऊ शकेल किंवा बाद करू शकेल. मी हेल्मेट काखेत धरून समोर उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पण माझ्याकडे म्हणून नाही. कारखान्यात एखादा भाग हातात घेऊन पाहत असाल, तसं.

“जीप रस्त्यावर असताना ओलांडलं का?” तुम्ही विचारलंत.

“हो. पण त्यांनी हात केला.”

“हात म्हणजे झेंडा नाही,” तुम्ही म्हणालात. “बाद.”

मागे कुणीतरी टाळी वाजवली. ती टाळी माझ्या विरोधातली नव्हती, तुमच्यासाठी होती. पुण्याचा माणूस दुसऱ्या नंबरच्या मुलाशी बोलायला निघून गेला. डॉक्टर तुमच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, मानलं साहेब तुम्हाला. त्या संध्याकाळी जेवणाचं बोलावणं आलं, आणि तुम्ही गेलात. हे मला अजून सहन होत नाही, अण्णा. मी आणि आई टेम्पोतून मोपेड घेऊन घरी आलो आणि तुम्ही त्यांच्या पंगतीला बसलात.

तुम्ही आलात तेव्हा आई चुलीपुढे बसली होती. आपल्याकडे गॅस आला होता, पण चिडली की ती मागच्या चुलीवर पाणी तापवायची. तिने तुमच्याकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, “शिक्षा दोन होत्या म्हणं. हलकी सोडून जड का उचलली?” तुम्ही उत्तर तिला न देता मला दिलंत.

“तू माझी मुलगी नसतीस, तर मी वेळेची शिक्षा देऊन सोडलं असतं.”

तुम्हाला वाटलं असेल, हे ऐकून मला बरं वाटेल. मी समजूतदार आहे, मला तुमची अडचण कळेल. आणि कळली हो मला. सूट दिली असती तर बघा, स्वतःच्या पोरीला जिंकवलं, असं ते म्हणाले असते, आणि त्यापुढे कुजबुजत आणखी काय म्हणाले असते तेही मला ठाऊक होतं. पण मग सरळ बोला ना. त्याला न्याय म्हणू नका. परक्याला जे मिळालं असतं ते मला मिळालं नाही, कारण मी तुमची होते. एका माणसासाठी हलका आणि दुसऱ्यासाठी जड, असा निकाल निःपक्ष कसा? तुम्ही पक्ष घेतलाच होतात. माझ्या विरुद्धचा घेतलात, एवढंच, आणि त्याला टाळ्या पडल्या.

पुढच्या हंगामात मी गाडी चालवली नाही. कुणी मनाई केली नव्हती, माझंच मन उडालं होतं. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात प्रयोगशाळेत लागले, पाण्याचे नमुने तपासायला. एक दिवस तो जीपमधला मेंबर मला द्वारकेच्या चौकात भेटला. जरा अवघडून म्हणाला, बाई, तुम्हाला कळलं का, यंदाही तसंच झालं. जीपमधून हात झाला, एकाने ओलांडलं, तक्रार आली. साहेबांनी त्याला नुसती वेळेची शिक्षा दिली. आणि कमिटीत नियम बदलून घेतला, की जीपमधल्या माणसाने हात केला तर तो झेंड्याइतकाच धरायचा. मी भर चौकात उभी राहिले. मागून रिक्षावाला हॉर्न मारत होता.

घरी येऊन मी तुम्हाला विचारलं. तुम्ही चष्मा पुसत होतात. म्हणालात, नियम अनुभवाने सुधारतात. मी विचारलं, अनुभव कुणाचा? तुम्ही पुसतच राहिलात. मी म्हणाले, मग कमिटीत सांगितलंत का की मागच्या वर्षीचा निकाल चुकला होता? तुम्ही चष्मा डोळ्यांवर ठेवलात आणि म्हणालात, झालेला निकाल उघडायचा नसतो. बस, एवढंच. त्यानंतर तुम्ही जगलात ती वर्षं आपण रोज बोललो, दळण, औषधं, धाकट्या भावाचं लग्न, पण या विषयावर नाही. तुमचं हृदय बंद पडलं तेव्हा मी ड्यूटीवर होते. क्लबातले सगळे आले होते. डॉक्टरने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, असा न्यायी माणूस होणे नाही. मी त्याचा हात बाजूला केला. लोकांना वाटलं, दुःखाने केला.

आज त्या सेक्रेटरीला फोन केला. तिला म्हणाले, ढाल द्या, नावही घाला, माझी हरकत नाही. किस्साही सांगेन, पण पुरा. पुढच्या वर्षी दुसऱ्याला काय दिलं आणि नियम कसा बदलला तेही सांगणार, आणि वडील घरी मला काय म्हणाले तेही. ती म्हणाली, मॅडम, कार्यक्रमात ते बरं दिसेल का? मी म्हणाले, बरं दिसण्यासाठीच तर तेव्हा सगळं झालं. ती म्हणाली, कमिटीला विचारून कळवते. अजून कळवलेलं नाही. कळवलं नाही तर मी प्रेक्षकांत बसेन आणि माईक मागेन. या वयात मला कुणी हाताला धरून बाहेर काढणार नाही.

इतकं लिहून राग कमी होईल असं वाटलं होतं, तसा तो झाला नाही. हा कागद मी कुठे पाठवणार, कपाटातच जाईल. पण एक गोष्ट राहिली. ती मी त्या माईकवर सांगणार नाही, आईलाही कधी सांगितली नाही. मी बरोबर होते म्हणून तुमच्यावर चिडले, असं आयुष्यभर धरून चालले. ते खरं आहे, पण अर्धं. जीपमधून कुणीच हात केला नसता, मी सरळसरळ चुकलेच असते, तरी त्या तंबूत तुम्ही माझ्या बाजूने बोलायला हवं होतं मला. खोटं का होईना. एकदाच.