एकोणीस सूचनांचे पिल्लू

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुम्ही सर्व सुखरूप आहात असे मी गृहीत धरते. गृहीत अशासाठी, की गेल्या दहा दिवसांत तुझे अकरा फोन आले आणि तुम्ही कसे आहात हे सांगायला एकाही फोनमध्ये तुला सवड झाली नाही (मी कशी आहे हे विचारायलाही झाली नाही, पण तो मुद्दा त्याच्या जागी येईल). तुझे पित्त आता कसे आहे? भावजयीची मान थंडीने आखडते, तिला लोकरीचा रुमाल बांधायला सांग. मुलांनी बर्फात ओले मोजे घालून हिंडू नये. माझी प्रकृती उत्तम आहे. हे वाक्य मी शिष्टाचार म्हणून लिहीत नाही, पुरावा म्हणून लिहिते आहे.

या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे आणि ते आधीच मांडते : मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, तर्कशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका, या घरात एकटी राहण्यास पूर्णपणे समर्थ आहे. हे फोनवर सांगता आले असते. पण फोनवर तू मला 'बरं बरं' म्हणतोस, आणि 'बरं बरं' हा प्रतिवाद नव्हे. म्हणून हे पत्र लिहून पिल्लाच्या खोक्यात, त्याच्या वाडग्याखाली ठेवते आहे. घरी गेल्यावर वाच. जिन्यात वाचू नकोस.

सुट्ट्या लागल्या त्या सकाळी सहलीला निघता निघता तू दारात उभा राहिलास (आत आला नाहीस, खाली गाडी चालू होती) आणि माझ्या हातांत तीन वस्तू दिल्यास. पहिली, खोक्यातले अडीच महिन्यांचे पिल्लू, ज्याचे नाव मुलांनी बोळा ठेवले आहे आणि जे झोपल्यावर खरोखरच पिळून टाकलेल्या फडक्यासारखे दिसते. दुसरी, हिवाळ्यात आणि सुट्टीच्या दिवसांत त्याची काळजी कशी घ्यावी याचे दोन पानी सूचनापत्र, सूचना एकूण एकोणीस. तिसरी वस्तू त्यांच्याखाली होती : तपकिरी पाकिटात ज्येष्ठ निवासाच्या प्रवेशाचा अर्ज. "ताई, दहाच दिवस. बघ, जमतंय का," असे तू म्हणालास, आणि जिना उतरता उतरता, "ते पाकीट नुसतं वाच गं, सही वगैरे नंतर बघू."

'बघ, जमतंय का' या तीन शब्दांवर मी तो सगळा दिवस विचार केला. आई अंथरुणाला खिळली ती आठ वर्षे याच घरात मी तिचे सगळे केले, कॉलेज सांभाळून केले, आणि त्या आठ वर्षांत 'जमतंय का' असे मला कोणीही विचारले नाही. तेव्हा दुसरा उमेदवार नव्हता, म्हणून परीक्षाही नव्हती. आता गेल्या महिन्यात तू अचानक आलास तेव्हा माझे दुधाचे पातेले करपलेले होते, आणि एका पातेल्यावरून तू संपूर्ण बहिणीविषयी निष्कर्ष काढलास. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ही चूक करी तेव्हा मी त्याला उभे करत असे. असो. मी बोळ्याकडे पाहिले, बोळ्याने माझ्या पायपुसण्याकडे पाहिले, आणि परीक्षा सुरू झाली.

सूचनापत्र चांगले लिहिले आहेस. हस्ताक्षर भावजयीचे असले तरी काळजी तुझी दिसते. गार फरशीवर निजू देऊ नये. हीटरपासून तीन हात लांब ठेवावे. पाणी कोमट द्यावे. रोषणाईच्या तारा त्याच्या तोंडाला लागतील अशा सोडू नयेत. चॉकलेट, मनुका आणि कांदा यांच्यापासून दूर ठेवावे. फटाके वाजू लागले की पडदे ओढून घ्यावेत आणि जवळ बसावे. चौदावी सूचना मी दोनदा वाचली : 'पाहुण्यांची गर्दी असेल तर त्याला त्याची अशी एक शांत, उबदार खोली द्यावी.' मागच्या हिवाळ्यात मी तुमच्याकडे चार दिवस राहिले, तेव्हा मला इस्त्रीच्या टेबलाच्या खोलीत झोपवले होते, आणि सकाळी सातला कोणी ना कोणी "ताई, झोपा तुम्ही, फक्त एक शर्ट," असे म्हणत आत येत असे. मी तक्रार करत नाही, फक्त दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवते आहे.

सतरावी सूचना अशी : 'तीन तासांहून अधिक एकटे ठेवू नये, ठेवावेच लागले तर रेडिओ चालू ठेवावा, म्हणजे माणसांचा आवाज ऐकून त्याला एकटे वाटत नाही.' आई गेल्यापासून अकरा वर्षे मी हाच उपाय करते आहे. तो कुत्र्याच्या पिल्लांसाठीचा आहे, हे मला माहीत नव्हते.

आता घडलेल्या गोष्टी. भावजयीने चार स्वेटर दिले होते. पहिला चढवताना त्याचे पुढचे दोन्ही पाय एकाच बाहीत गेले आणि तो एखाद्या उशीसारखा आडवा झाला. दुसऱ्यात तो फक्त मागे चालू लागला आणि मागे चालत चालत पुस्तकांच्या कपाटाखाली गेला, जिथून त्याला काढण्यासाठी मला जमिनीवर पालथे पडावे लागले (आणि मी विनासाहाय्य उठले, नोंद घ्यावी). तिसरा त्याने खाल्ला. चौथा मी दाखवलाच नाही. अखेर तो स्वतःच माझ्या कपाटाच्या खालच्या फळीवर चढला, पदवीदान समारंभाचा माझा काळा झगा त्याने ओढून काढला आणि त्यावर झोपला. छत्तीस वर्षांत त्या झग्याने कोणाला इतकी ऊब दिल्याचे मला आठवत नाही. झगा आता त्याचा आहे.

चॉकलेटचे प्रकरण तुझ्या कानावर येईल, म्हणून ते मीच सांगते. वरच्या मजल्यावरचे दंतवैद्य दर सुट्टीत इमारतीतल्या प्रत्येक घरी चॉकलेटचा डबा पाठवतात (त्यांच्या व्यवसायाशी या दानशूरपणाचा संबंध मी त्यांना एकदा समजावून सांगितला होता, ते हसले). चौथ्या दिवशी तो डबा मला जमिनीवर सापडला, झाकणावर दातांच्या खुणा, आत बारा खाचा आणि चॉकलेटे अकरा. मी तत्काळ जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते सुट्टीवर. त्यांच्या जागी आलेल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी विचारले, "वजन किती?" मी म्हटले, "कोणाचे?" त्या म्हणाल्या, "आजी, कुत्र्याचं." मग मी वजनकाट्यावर एकदा बोळ्यासह आणि एकदा बोळ्याविना उभी राहिले, वजाबाकी केली, त्याला झग्यात गुंडाळले, टॅक्सी बोलावली आणि हाडे गोठवणाऱ्या वाऱ्यात दवाखाना गाठला. त्यांनी त्याचे पोट चेपले, डोळे पाहिले, तोंड हुंगले. "याने काहीच खाल्लेलं नाही हो. डबा नीट आठवा बरं, घरात आणखी कोण असतं?" मी म्हटले, कोणी नसते. आणि हे म्हणताना मला आठवले, की आदल्या संध्याकाळी बातम्या ऐकताना एक चॉकलेट मीच खाल्ले होते. माझ्या साखरेमुळे मला ते वर्ज्य आहे, म्हणून ते मी कोणाच्या, म्हणजे माझ्याही, लक्षात येणार नाही अशा बेताने खाल्ले होते. याला तू विस्मरण म्हणशील. मी गोपनीयता म्हणते. डॉक्टरीणबाईंना मी एवढेच सांगितले, की गुन्हेगार निश्चित झाला असून प्राण्याविरुद्धचा आरोप मागे घेण्यात येत आहे.

अठरावी सूचना, 'भुंकण्याची सवय लागू देऊ नये, शेजाऱ्यांना त्रास होतो', ही मी सर्वांत काटेकोरपणे पाळली. तो भुंकला की मी चष्मा काढून त्याच्याकडे पाहत असे. मागच्या बाकावरची कुजबुज थांबवण्याची माझी हीच पद्धत होती. पाचव्या दिवसापासून बोळा भुंकला नाही. तुमच्या घरी सहा आठवड्यांत जे कोणाला साधले नाही, ते इथे पाच दिवसांत झाले. तिसरी सूचना, 'उन्हाची वेळ साधून दहा मिनिटे मोकळ्या हवेत न्यावे', हीसुद्धा मी रोज दुपारी चारला गॅलरीत पाळली. वरचे दंतवैद्य भेटले आणि गॅलरीविषयी काही बोलू लागले तर त्यांना फार बोलू देऊ नकोस. सुट्टीत लोकांना विषय हवे असतात.

सारांश : दहा दिवसांत बोळ्याला सर्दी झाली नाही, चटका बसला नाही, त्याने तार चावली नाही, आणि त्याचे वजन (उपरोक्त वजाबाकीनुसार) वाढले आहे. ज्या व्यक्तीला इतक्या लहान आणि इतक्या अविचारी जिवाला हिवाळ्यात सुखरूप ठेवता येते, तिला स्वतःला सुखरूप ठेवता येते. कारण ती व्यक्ती आकाराने मोठी आहे आणि स्वेटर खात नाही. माझे विधान सिद्ध झाले आहे.

भावजयीस आणि मुलांस आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. — अर्ज परत करता येत नाही, याबद्दल क्षमस्व. पाचवी सूचना सांगते, की फार थंडी असेल तेव्हा त्याला शू-शीसाठी बाहेर नेऊ नये, दाराजवळ जुने कागद अंथरावेत. त्या दिवशी घरातले जुने कागद संपले होते. अर्ज चार पानी आहे आणि कागद उत्तम जाड आहे. अंथरण्यापूर्वी मी तो पूर्ण वाचला. त्यात 'आवडीनिवडी' या मथळ्याखाली एक ओळ मोकळी सोडली आहे. बोळ्याच्या आवडीनिवडींना तुम्ही अर्धे पान दिले आहे.

ता. क. दुसरा — दंतवैद्यांना तू बोलू देणारच, हे मी जाणते. म्हणून ऐक. आठव्या दिवशी दुपारी चारला मी बोळ्याला घेऊन गॅलरीत गेले. वाऱ्याने दार आमच्यामागे बंद झाले आणि आतला खटका बसला. बाहेरची मूठ सैल आहे, हे मी तुला तीन वर्षांत चार वेळा सांगितले होते. ती माझ्या हातात आली. अंगावर घरातला पातळ स्वेटर, पायात सपाता. समोरच्या घरांत सुट्टीमुळे कोणी नव्हते, बाकीच्यांच्या खिडक्या थंडीने बंद होत्या. मी वर्गातल्या आवाजात तीन वेळा "कोणी आहे का?" असे विचारले. कोणी नव्हते. आतून रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होते. एक तास गेला. मी बोळ्याला स्वेटरच्या आत घेतले होते; त्याला ऊब मिळावी म्हणून, असे लिहिणार होते, पण ऊब कोणाकडून कोणाकडे जात होती हे सांगता येणार नाही. हातांची बोटे वळेनाशी झाली, तेव्हा मी त्याला म्हटले, "भुंक." त्याने माझ्या चष्म्याकडे पाहिले आणि तोंड मिटून घेतले. मी चष्मा घातला, काढला, चुचकारले, विनवले. विद्यार्थी इतका आज्ञाधारक निघाल्याचा मला प्रथमच पश्चात्ताप झाला. शेवटी उदाहरणाने शिकवण्याखेरीज मार्ग राहिला नाही. मी भुंकले.

एकदाच. दुसऱ्या वेळी तो माझ्याबरोबर होता आणि त्यानंतर माझी गरज उरली नाही. वरून दंतवैद्य वाकले. ते भांडायला आले होते. खाली पाहून ते म्हणाले, "मॅडम, पहिल्यांदा भुंकलं ते कोण?" पुढच्या दाराला मी कडी घालायला विसरले होते, म्हणून ते आत येऊ शकले. (हे विस्मरण तुझ्या आरोपपत्रात जमा कर, पण ते नसते तर आरोपी उरली नसती, हेही लिही.)

ता. क. तिसरा, आणि यासाठीच खरे तर एवढे लिहिले. बोळा मुलांचा आहे, त्याला घेऊन जा. झगाही ने, त्यावाचून तो झोपणार नाही. गॅलरीच्या दारासाठी नवी मूठ घेऊन ये आणि ती स्वतः बसव; कोणाला पाठवू नकोस. सूचनापत्र मी ठेवून घेते आहे. त्यातली सतरावी सूचना तू मलाही लागू करावीस. तीन तास हा काळ माझ्या बाबतीत व्यवहार्य नाही, हे मला समजते. तिथे तीन आठवडे असे वाचले तरी चालेल. येताना गाडी खाली चालू ठेवू नकोस.

चुकीची कबुली : वरील पत्रात माझ्याकडून एक चूक झाली आहे. मी एकटी राहू शकते, हे मी ज्या दहा दिवसांच्या पुराव्यावर सिद्ध केले, त्या दहा दिवसांत मी एकटी नव्हते. हे मी वाचून, समजून मान्य करते.

(सही)
ताई