रविवारचं कार्ड

चि. अपूर्व,

तुझ्याच लंडनच्या घरात बसून हे लिहितेय, पण तुला देणार नाही.

विमानतळावर तू मला प्रीपेड सिम घेऊन दिलंस. काउंटरवरच्या मुलीला मी विचारलं, "भारतात किती वेळ बोलता येतं?" ती हसली, "आंटी, कितीही!" मग दर रविवारी घरी फोन करून 'जेवलात का' विचारून होताच तुझं फोनचं कार्ड कसं रे संपायचं? सूनबाईला, श्रियाला, विचारलं, तर ती चहा टाकायला उठली.

काल डोंबिवलीला फोन लावला. बाबांनी हिंगाची डबी कुठे ते विचारलं, गुडघ्याचं सांगितलं, मग पुन्हा गुडघाच सुरू केला. मी म्हटलं, "अहो, ठेवते, कार्ड संपत आलंय."

"ठेव, ठेव," ते लगेच म्हणाले, "अपूर्वचंही असंच संपतं."

त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं का रे?

तुझी,
आई