मानेवरचा हात

ब्रह्माघाट, आषाढ वद्य तृतीया, संध्याकाळ

नव्या शाळेतला पहिला दिवस संपला, पण मान अजून दुखते आहे. दुपारभर ती ताठ धरून बसलो होतो.

सकाळी मास्तरांनी इंग्रजी धडा वाचायला उभं केलं. पहिल्याच ओळीला माझी मान खाली गेली, मग वर आली, ऋचा म्हणताना होते तशी. वडील तसंच शिकवायचे, माझी मान धरून स्वराबरोबर खालीवर करत. माघात ते गेले, म्हणून तर काकांनी मला या शाळेत घातलं. सगळा वर्ग हसला. शेजारचा म्हणाला, "अरे, तुझे कौन हिला रहा है?"

मी मागे वळून पाहिलं. का पाहिलं? मागे नुसती भिंत होती.

घरी आल्यावर आईने विचारलं, "घाबरला नाहीस ना रे?" नाही म्हणालो. मानेचं सांगितलं नाही. आत्ता लिहितानासुद्धा तिथे त्यांची बोटं आहेत, चंदन उगाळून गार पडलेली.

उद्या पुन्हा वाचायचं आहे. मान हलेल याची धास्ती वाटते. आणि नाहीच हलली तर?